सीडी चालत नाही? जुनी विंडोज हार्ड डिस्कवरून चढवा

आळेफाटा : पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यावर कांद्याचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारपेठेतील एखाद्या आडतीच्या गाळ्यात किंवा टायपिंगच्या दुकानात वीस वर्षांपूर्वीचा संगणक अजूनही जपून ठेवलेला असेल, तर त्यामागे बहुधा एकच कारण असते. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर किंवा श्रीलिपी, आयएसएम यांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तयार केलेली मराठी कागदपत्रे नव्या संगणकावर धड उघडत नाहीत. काही सॉफ्टवेअरना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचे डोंगल लागते आणि ते पोर्टच आता नव्या संगणकांवर सहसा नसते.

असा संगणक एके दिवशी सुरू होईनासा होतो. विंडोज नव्याने चढवावी, तर सीडीवर ओरखडे पडलेले असतात किंवा सीडी ड्राइव्हची लेन्स धुळीने निकामी झालेली असते. पुणे येथून सुमारे ९० किलोमीटर दूर आणि तेथेही जुना सुटा भाग मिळेलच, याची खात्री नाही. यावरचा उपाय जुना, पण भरवशाचा आहे. विंडोजच्या मूळ फायली हार्ड डिस्कवरच ठेवायच्या आणि तेथूनच ती चढवायची.

विंडोज चढवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे सेटअपला, सीडीच हवी असते असे नाही. विंडोज ९८ च्या सीडीवर 'विन९८' नावाचा फोल्डर असतो. त्यात आवळून बसवलेल्या 'कॅब' फायली असतात. हा सुमारे दोनशे एमबीचा फोल्डर डिस्कवर कोठेही ठेवला, तरी सेटअप तेथून चालतो. एक्सपीमध्ये हेच काम 'आय३८६' हा फोल्डर करतो. तो सुमारे पाचशे एमबीचा आहे.

अट एकच. ज्या विभागावर, म्हणजे पार्टिशनवर, विंडोज चढवायची, तो पुसला जाणार असल्याने फायली दुसऱ्या विभागात हव्यात. सी वर विंडोज आणि डी वर फायली, ही सरळ मांडणी. सीडी ड्राइव्ह बंद असेल, तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी आणि तेथे फायली उतरवून घ्याव्यात. डी विभाग फॅट-३२ पद्धतीचाच हवा, कारण स्टार्टअप फ्लॉपीवरील डॉसला एनटीएफएस विभाग दिसतच नाही. डिस्कवर एकच विभाग असेल, तर आधी सर्व माहिती दुसरीकडे हलवावी. फ्लॉपीवरील 'एफडिस्क'ने विभाग पाडले, की डिस्कवरचे सारे जाते.

दुकानदारांच्या भाषेत 'फॉरमॅट मारण्याआधी' आणखी एक काम करावे, आणि नेमके तेच विसरले जाते. विंडोजच्या फोल्डरमधील 'फॉन्ट्स' हा फोल्डर डी वर उतरवून घ्यावा. युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर फॉन्टच्या आधारावरच वाचता येतो. फॉन्ट गेला, की वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो.

विंडोज ९८ साठी स्टार्टअप फ्लॉपीने संगणक सुरू करावा, सी फॉरमॅट करावा, डी वरील 'विन९८' फोल्डरमध्ये जावे आणि 'सेटअप' टाइप करून एंटर दाबावे. ही फ्लॉपी मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करते व त्यालाही एक अक्षर देते. त्यामुळे सीडी ड्राइव्हचे अक्षर एकाने पुढे सरकते. त्याने गोंधळून जाऊ नये. पुढे नवा प्रिंटर जोडतानाही विंडोज लागणाऱ्या फायली त्याच फोल्डरमधून घेते, सीडी मागत नाही.

एक्सपीचा सेटअप डॉसमधून 'विनएनटी' या आज्ञेने सुरू होतो. त्याआधी 'स्मार्टड्राइव्ह' चालवणे अत्यावश्यक, नाहीतर नुसत्या फायली उतरायलाच काही तास जातात. विंडोज कशीबशी चालू असेल, तर फ्लॉपीही नको. आतूनच 'विनएनटी३२' चालवता येते. खरी सावधगिरी पुढच्या निळ्या पडद्यावर हवी. तेथे विभागांची यादी येते आणि 'डी' हे बटण निवडलेला विभाग काढून टाकण्यासाठी असते. डी ड्राइव्ह निवडायचा म्हणून कोणी हे बटण दाबले, तर फायली आणि माहिती दोन्ही जाण्याची वेळ येते. सुदैवाने, सेटअप त्यावर पुन्हा एकदा विचारतो.

प्रॉडक्ट की मूळ परवान्याचीच लागते. बऱ्याचदा ती कॅबिनेटवरच्या स्टिकरवर छापलेली असते. संगणकासोबत आलेल्या परवान्याची की दुकानातून स्वतंत्र घेतलेल्या आवृत्तीला चालत नाही.

मराठी वापरणाऱ्यांना 'आय३८६' डिस्कवर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरी आपोआप सुरू नसते. त्यासाठी 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये एका चौकटीत खूण करावी लागते. त्या चौकटीपुढे थाई भाषेचा उल्लेख आहे, मराठीचा वा हिंदीचा नाही! खूण केली, की एक्सपी सीडी मागते. तेव्हा डी वरील फोल्डर दाखवला, की काम होते.

विंडोज ९८ साठी मायक्रोसॉफ्टचा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ रोजी. तेव्हापासून या प्रणालींना सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये आणि बँकेचे व्यवहार तर त्यावर मुळीच करू नयेत. शिवाय सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. डिस्कच बिघडली, तर दोन्ही एकदम जातील. तेव्हा फायलींची, फॉन्टची आणि हिशेबाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवावी.