यारोस्लावा श्वेदोवा : देशांतर आणि टेनिस

बंगळूरच्या कब्बन उद्यानातील टेनिस-प्रांगणावर फेब्रुवारी २००७ मध्ये महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या यारोस्लावा श्वेदोवा या रशियन खेळाडूने इटलीच्या मारा सांतांजेलोला ६-४, ६-४ असे हरविले. महिलांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेत एकेरीचे विजेतेपद तिला हे एकदाच लाभले.

पुढच्याच वर्षी मॉस्कोत जन्मलेली ही मुलगी कझाकस्तानकडून खेळू लागली. रशियात त्या वेळी गुणी खेळाडूंची एवढी दाटी होती की २००८ च्या ऑलिंपिकमधील महिला एकेरीची तिन्ही पदके रशियनांनीच पटकावली. कझाकस्तानला मात्र खेळाडू हवे होते आणि त्यांच्यावर पैसा खर्चण्याची त्याची तयारी होती. याला कोणी देशत्याग म्हणतील. परंतु वर्षातील बहुतेक दिवस परमुलखात काढणाऱ्या खेळाडूला प्रशिक्षण व प्रवासखर्चाची शाश्वती हवी असते, हे विसरून चालणार नाही.

२०१० मध्ये अमेरिकेच्या व्हानिया किंगसमवेत तिने विम्बल्डन व अमेरिकन या दोन्ही स्पर्धांतील दुहेरीची अजिंक्यपदे मिळविली. २०१२ च्या विम्बल्डनमध्ये तर सारा एरानीविरुद्ध पहिल्या सेटमधील चोवीसही गुण तिने ओळीने जिंकले!

मॉस्कोतच जन्मलेल्या एलेना रिबाकिनानेही २०१८ मध्ये हाच मार्ग धरला आणि २०२२ मध्ये कझाकस्तानला विम्बल्डनचे एकेरीचे अजिंक्यपद मिळवून दिले.