दोनशे चाळीसची लय

31 ऑगस्ट 2007 रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने एक गाणारं सॉफ्टवेअर विकायला काढलं. आत यामाहाचं ‘व्होकलॉइड 2’ तंत्र होतं, आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा होता आणि खोक्यावर निळसर हिरव्या केसांच्या दोन लांबलचक शेपट्या सोडलेली मुलगी. तिचं नाव हात्सुने मिकु. लग्नाच्या बायोडेटात असावी तशी तिची माहितीही दिली होती: वय 16, उंची 158 सेंटिमीटर, वजन 42 किलो. त्याच माहितीत आणखी एक आकडा होता. तिला मानवणारी लय मिनिटाला 70 ते 150 ठोके. वय आणि वजन चित्रापुरतं होतं, लयीचा आकडा मात्र कामाचा होता.

फुजिताने सलग गाणी गायलेलीच नव्हती. तिच्या आवाजाचे सुटे तुकडे ध्वनिमुद्रित केले होते, एका उच्चारातून दुसऱ्यात जाताना होणारे आवाज. संगीतकाराने पडद्यावरच्या चौकटीत स्वर मांडायचे, प्रत्येक स्वराखाली अक्षर टाइप करायचं आणि यंत्राने ते तुकडे सांधायचे. लय वाढली की सांध्यांना जागा उरत नाही. व्यंजनं गिळली जातात, शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून 150 ची मर्यादा. माणूस अशा वेळी एखादं अक्षर हळूच सोडून देतो, मध्येच श्वास चोरतो. यंत्राला ही लबाडी येत नाही, पण त्याला श्वासही लागत नाही.

हे दुसरं वैशिष्ट्य बरोबर हेरलं ते कॉस्मो या नावाने गाणी करणाऱ्या तरुणाने. 8 नोव्हेंबर 2007 ला, म्हणजे मिकु बाजारात येऊन अडीच महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्याने निकोनिको या जपानी व्हिडिओ-संकेतस्थळावर ‘हात्सुने मिकु नो शोशित्सु’ टाकलं. ‘हात्सुने मिकुचं नाहीसं होणं’. लय 240. याआधी त्याने ‘बोसो’, म्हणजे बेफाम सुटणं, या नावाचं गाणं केलं होतं आणि चाहत्यांनी त्याला ‘बोसो-पी’ म्हणायला सुरुवात केली होती. (गाणी करणाऱ्याच्या नावापुढे निर्मात्याचा ‘पी’ लावायची त्या मंडळींची रीत.) ‘शोशित्सु’ची लांब आवृत्ती एप्रिल 2008 मध्ये आली. आज लोक ओळखतात ती हीच.

गाणं मिकुच्याच तोंडून आहे. आपण माणसाची नक्कल करणारा एक प्रोग्राम आहोत हे तिला कळलंय, आपल्याला पुसून टाकलं जाणार हेही कळलंय, आणि जाण्यापूर्वी तिला सगळं बोलून घ्यायचंय. ज्या दिवसांत हे आलं तेही पाहायला हवेत. ऑक्टोबरात एका टीव्ही कार्यक्रमाने मिकुच्या चाहत्यांची टिंगल केली होती आणि त्याच सुमारास इंटरनेटवरच्या चित्रशोधात तिची चित्रं काही काळ सापडेनाशी झाली होती. नाना तर्क चालले होते. असं असताना ‘नाहीसं होणं’ हे शीर्षक वाचून ऐकणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला नको.

मिनिटाला 240 ठोके आणि प्रत्येक ठोक्यात दोनच अक्षरं धरली, तरी सेकंदाला आठ अक्षरं होतात. आपल्याकडे द्रुत तीनताल या वेगाला जातो, त्यात नवल नाही. पण तिथे गवई आकारातली तान घेतो किंवा तराण्याचे बोल म्हणतो. अर्थाची वाक्यंच्या वाक्यं तो त्या वेगात सांगत बसत नाही. कॉस्मोने नेमकं तेच केलं. वेळ संपत आलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी वाक्यामागून वाक्यं, मध्ये श्वासाला जागाच नाही. शब्द नीट कळत नाहीत ही त्या सॉफ्टवेअरची उणीव. इथे तीच गोष्ट सांगते. मधला संथ, आळवणीचा भाग मला जरा गोडमिट्ट वाटतो, पण तो असल्यामुळे पुढची धाव अंगावर येते, हेही खरं.

महिन्याभराने, 7 डिसेंबरला, र्यो या संगीतकाराचं ‘मेल्ट’ आलं. प्रेमात पडलेल्या मुलीचं साधंसुधं गाणं. तिथून मिकुच्या गाण्यांचा मोठा ओघ माणसासारखं गाण्याकडे वळला. कॉस्मोची वाट वेगळी होती: जे माणसाला जमणार नाही तेच यंत्राकडून गाऊन घ्यायचं.

त्यातली गंमत अशी की माणसं लगेच मागे धावली. निकोनिकोवर ‘उतात्ते मिता’, म्हणजे ‘गाऊन पाहिलं’, हा प्रकार फोफावला होता. आपापल्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसून लोक हे गाणं म्हणू लागले. अडखळणारे, धापा टाकणारे, आणि एखादा खरंच शेवटपर्यंत पोहोचणारा. कारिओकेच्या यादीतही ते आलं. सेगाच्या ‘प्रोजेक्ट दिवा’ या खेळमालिकेत आलं तेव्हा हाच वेग बोटांना पकडायचा होता, आणि त्या खेळासाठी कॉस्मोने ‘गेकिशो’ नावाचं आणखी अवघड गाणं रचलं. 9 मार्च 2010 ला टोकियोच्या झेप टोकियो सभागृहात मिकुचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. पारदर्शक पडद्यावर ती, आणि मागे हाडामांसाचे वादक. तिथे ‘शोशित्सु’ही झालं. गायिकेला दम लागण्याचा प्रश्न नव्हता. घाम निघाला असेल तो वादकांचा.

या वेगाला पुढे कुणी रुळवलं असेल तर वोवाकाने. 2009 चं ‘उराओमोते लव्हर्स’, 2010 चं ‘रोलिंग गर्ल’. कॉस्मोइतकी टोकाची लय नाही, पण अक्षरांची तीच दाटी, शिवाय गिटारची धार. तो पुढे स्वतः ‘हितोरिए’ या बँडमध्ये आपली गाणी गाऊ लागला. यंत्रासाठी लिहिण्याची सवय झालेला माणूस ती दाटी आता स्वतःच्या गळ्यात घेत होता. एप्रिल 2019 मध्ये, अवघ्या 31 व्या वर्षी तो गेला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात योआसोबीचं ‘योरु नि काकेरु’ आलं. त्याचा संगीतकार आयासे हा व्होकलॉइडची गाणी करतच वर आलेला. 2020 च्या बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत हे गाणं पहिलं ठरलं. त्याच साली, गाऊन पाहणाऱ्यांच्या गर्दीतूनच आलेल्या आदोचं ‘उस्सेवा’ गाजलं. तेही स्युदोउ या व्होकलॉइड-संगीतकाराचं. उड्या मारणाऱ्या चाली, श्वासाची पर्वा न करणारी कडवी, एका मात्रेत कोंबलेली अक्षरं हे सगळं आता जिवंत गायिकांच्या तोंडी होतं आणि कुणाला अमानवी वाटत नव्हतं. हे सारं एका ‘शोशित्सु’मुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, वोवाका, आयासे आपापल्या वाटेने आले. पण मिकुच्या माहितीपत्रावरची 150 ची रेघ सर्वांत आधी आणि सर्वांत धिटाईने ओलांडणाऱ्यांत कॉस्मो होता, एवढं नक्की.

दरम्यान खुद्द मिकु बदलली. नोव्हेंबर 2020 मध्ये क्रिप्टनने यामाहाचं तंत्र बाजूला ठेवून स्वतःच्या तंत्रावरची नवी मिकु आणली. दोन महिने आधी ‘प्रोजेक्ट सेकाई’ हा मोबाइलवरचा खेळ सुरू झाला होता. 2007 साली जन्मलेली मुलं ‘शोशित्सु’ त्या खेळात ऐकतात, आणि त्यांच्या लेखी ते अवघड पातळीवर अंगठे दुखवणारं एक जुनं गाणं आहे.