शिरगणतीत न मावणारे खोरे
कोयनेचा शिवसागर, जावळीचा इतिहास आणि काठावरची माणसे

जुलै उजाडला की सांगलीकरांचे लक्ष दोन आकड्यांकडे लागते. एक, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. दुसरा, कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग. पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे गणित नदीकाठच्या गल्ल्यांतील शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि निम्मे शहर पाण्यात उभे राहिले. तेव्हापासून तर कोयनेचा आकडा घरोघरी रोजच्या बोलण्यात आला आहे.

हे पाणी जिथे साठते त्या खोऱ्याची ओळख मात्र बहुतेकांना पर्यटनाच्या जाहिरातींपलीकडे नाही. तापोळा म्हणजे ‘मिनी काश्मीर’, बामणोली म्हणजे वासोट्याला जाणाऱ्या लाँचचा धक्का, कास म्हणजे फुले. या तिन्ही ठिकाणांच्या मधे आणि मागे एक जुना, नांदता मुलूख होता. त्याचा काही भाग आज पाण्याखाली आहे, काही जंगलात गेला आहे आणि त्याची माणसे पाच-सहा जिल्ह्यांत विखुरली आहेत. प्रदेशाची माहिती सांगताना भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या अशी तीन प्रकरणे करण्याचा आपला रिवाज आहे. या खोऱ्यापुरती ही तिन्ही प्रकरणे एकमेकांत कशी गुंतली आहेत, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

१. दोन डोंगरांमधली नदी

देशावरच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेची वाट धरतात. कोयनेचे तसे नाही. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावल्यावर ती सुमारे ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आहे. मकरंदगड, वासोटा, नागेश्वर यांची ही रांग पलीकडे कोकणात ताशीव कड्यांनी कोसळते. पूर्वेला महाबळेश्वरपासून निघालेली बामणोलीची रांग आहे. कासचे पठार याच रांगेवर येते. या दोन भिंतींमधून निघालेली नदी हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून पुढे जाते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते.

खडक सगळा बेसाल्टचा, माथ्यावर जांभ्याचे सडे. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. एका जिल्ह्यात पावसाची एवढी तफावत महाराष्ट्रात क्वचितच आढळते. पुढे या खोऱ्याचे जे झाले, त्याचे मूळ या तफावतीत आहे.

जुन्या शेतीचीही दोन पातळ्यांवर वाटणी होती. नदीकाठच्या सपाटीवर भाताची खाचरे आणि वरच्या उतारांवर नाचणी, वरी. उतारावर झाडझाडोरा तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे पीक घेऊन जमीन पडीक सोडायची, ही कुमरीची पद्धत. गवळी-धनगरांचे वाडे सड्यांवर, गुरांच्या मागे. इंग्रजी वन कायद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुमरीवर बंधने आणली, तेव्हा या खोऱ्याचा एक आधार खिळखिळा झाला. दुसरा आधार म्हणजे काठची खाचरे. ती अजून शाबूत होती.

२. घाटवाटांचा दरवाजा

इतिहासात जावळीला जे महत्त्व आले ते वाटांमुळे. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणारे घाट या मुलखातून जात. ज्याच्या हाती जावळी, त्याच्या हाती घाटांच्या किल्ल्या. आदिलशाहीच्या वतीने हा मुलूख मोऱ्यांकडे होता आणि त्यांच्या प्रमुखाला ‘चंद्रराव’ हा किताब होता. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लगोलग मोरोपंत पिंगळ्यांकरवी प्रतापगड बांधवला. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, अफजलखानाचा शेवट याच गडाच्या पायथ्याशी झाला. मोठ्या फौजेला पसरायला जागाच मिळू नये, अशी ही भूमी आहे. त्या दिवसाच्या यशात या भूगोलाचा वाटा मोठा होता.

खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा वासोटा म्हणजे व्याघ्रगड. तो दुर्गम म्हणून त्याचा उपयोग मुख्यतः तुरुंगासारखा झाला. पेशवाईच्या उत्तरार्धात पंतप्रतिनिधींची बाजू घेऊन ताई तेलिणीने हा गड लढवला आणि बापू गोखल्यांना तो घ्यायला बराच काळ वेढा द्यावा लागला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा चढवून वासोटा घेतला, तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी तिथे अडकून पडलेली होती.

इंग्रजी अमलात महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण झाले आणि साहेबाचा रस्ता डोंगरमाथ्यावरून गेला. खालचे खोरे बाजूला पडले. पुढे महाबळेश्वरचा वेगळा तालुका झाला. ज्या गावाच्या नावावरून मुलखाला नाव पडले ते जावळी गाव आज महाबळेश्वर तालुक्यात आहे, आणि जावळी तालुक्याचे मुख्य ठाणे वेण्णेकाठच्या मेढ्याला. नाव एका ठिकाणी आणि कचेरी दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वाटणी आहे.

३. पाणी उलटे वळले

कोयनेचे पाणी अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले तर साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून ते कोसळेल आणि त्यावर वीज करता येईल, ही कल्पना जुनी. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत टाटांनी तिची चाचपणी केली होती. ती प्रत्यक्षात आली स्वातंत्र्यानंतर. १९५४ च्या सुमारास काम सुरू झाले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला हेळवाकच्या वर, आजच्या कोयनानगरजवळ, १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून पहिली वीज निघाली. नदीच्या सरळ दक्षिणवाहिनी पट्ट्यात सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे पाणी पसरले. तेच शिवसागर. त्याची आजची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पुढच्या टप्प्यांसह प्रकल्पाची वीजक्षमता १,९६० मेगावॅटवर गेली. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेण्यात आले. ‘लेक टॅपिंग’चा आशियातला तो पहिला प्रयोग.

निसर्गाने बंगालच्या उपसागराकडे धाडलेले पाणी आता कुंभार्लीच्या पलीकडे, वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या वळवणुकीला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर कराडपासून सांगलीपर्यंतचा ऊस उभा आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचे पाणी उचलून आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. त्यातही कोयनेचा वाटा आहे. जावळीवर पडलेला पाऊस मुंबईत दिवा होतो आणि माणदेशाच्या शिवेवर डाळिंब होतो.

धरणाने आणखी एक गोष्ट जगाला दाखवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता ६.३ होती आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. तोवर दख्खनचे हे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. मोठ्या जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज जगभरच्या भूकंपशास्त्रात घेतले जाते. खोऱ्यात लहान धक्के अजूनही बसतात. भूकवचाच्या अभ्यासासाठी कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि संशोधनासाठी खोऱ्यात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे.

४. माणसे कुठे गेली?

शिवसागर भरला तेव्हा शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. पाणी आधी आले ते काठच्या सपाटीवर, म्हणजे भाताच्या खाचरांवर. ज्यांची घरे वर होती त्यांची घरे राहिली आणि पोट बुडाले. अनेकांना सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, रत्नागिरी, ठाणे अशा जिल्ह्यांत जमिनी दाखवण्यात आल्या. पाच हजार मिलिमीटर पावसात भात लावणाऱ्या माणसाला सोलापूरकडची कोरडवाहू जमीन मिळाली, तर ती कसायची कशी हेच त्याला ठाऊक नव्हते.

इथे एक कायद्याचा मुद्दा आहे. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये. कोयनेची गावे त्याच्या दीड दशक आधी उठली होती. शिवाय पुढे रूढ झालेले तत्त्व असे, की ज्याच्या जमिनीला धरणाचे पाणी मिळते त्याने विस्थापितासाठी जमिनीचा हिस्सा द्यावा. कोयना मुळात विजेचे धरण. विजेच्या तारेखाली लाभक्षेत्र कुठले आखणार? म्हणून तिचे विस्थापित या चौकटीत नीट बसलेच नाहीत. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये कोयनानगरला दीर्घ ठिय्या आंदोलन झाले, तेव्हा धरणाला अर्धशतक उलटून गेले होते आणि आंदोलनात तिसरी पिढी बसली होती.

जे काठावर राहिले त्यांच्यावर पुढे जंगलाचे नियम आले. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. तिकडे सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात वारणेवर चांदोली धरण आणि त्याचा वसंतसागर जलाशय झाला, आणि चांदोलीचेही अभयारण्य व नंतर २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही क्षेत्रे पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेली. दोन्ही जलाशयांमागची कित्येक गावे या काळात उठली. वासोट्याच्या वाटेवर मेट इंदवलीत आज पर्यटकांची लाँच थांबते, वनखात्याची तपासणी होते. तिथे गाव होते, हे चौथऱ्यांवरून कळते.

आता आकडे. अजून हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ ची. तिच्यानुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१. जावळी तालुक्याची १,०६,५०६, महाबळेश्वरची ७२,८३० आणि पाटणची २,९९,५०९. एकट्या कराड तालुक्यात ५,८४,०८५ माणसे, म्हणजे जावळीच्या साडेपाच पट. त्यातही पाटणची बरीच वस्ती धरणाच्या खाली, पूर्वेच्या खोऱ्यात आहे. महाबळेश्वर तालुक्यात पाचगणीसह दोन शहरे आहेत. ती बाजूला काढली की प्रत्यक्ष जलाशयाच्या काठावर माणूस फारच विरळ उरतो.

हा आकडा खरा आहे, पण अपुरा आहे. या खोऱ्यातून मुंबईची वाट धरणाच्या आधीपासून वाहती होती. गिरणीत, गोदीत, बाजारात पाठीवर ओझे वाहायला जावळी-पाटणची माणसे गेली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा या घामातून आला. धरणानंतर ही वाट हमरस्ता झाली. मुंबई, नवी मुंबई, ठाण्यात आज या खोऱ्यातल्या गावांची मंडळे आहेत. २०२२ मध्ये मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे यांचे राजकारण ठाण्याचे आणि मूळ गाव दरे तर्फ तांब, जलाशयापलीकडचे. या खोऱ्यातल्या हजारो घरांची हीच मांडणी आहे: चूल ठाण्यात, देव्हारा गावात.

५. पुढचा हिशेब

धरणापूर्वी नदी ओलांडून सोयरिकी होत, बाजार होत. जलाशयाने समोरासमोरची गावे दोन तीरांवर टाकली. जिल्हा परिषदेच्या लाँच आणि तराफा हाच अनेकांचा रस्ता झाला. बाळंतीण असो की शाळेचे पोर, आधी पाणी ओलांडायचे. एकेकाळी घाटांचा दरवाजा असलेला मुलूख असा रस्त्याच्या शेवटी येऊन थांबला. आता तापोळ्याजवळ मोठ्या पुलाचे काम हाती घेतले गेले आहे आणि सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतील गावे घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थानाची आखणी चालू आहे. रस्ता हवाच. काठावरच्या माणसाने त्याची साठ वर्षे वाट पाहिली आहे.

पण पूल होण्याआधीच जमिनीचे भाव चढतात, आणि ज्या डोंगरउतारांवर हॉटेले यायची तेच उतार जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे या गावांवर कोसळले होते. म्हणून या आखणीत एक प्रश्न आधी विचारायला हवा: हे खोरे कोणाचे, याची मोजदाद आपण कशी करणार? तलाठ्याच्या दप्तरात ज्यांचा सातबारा उरला तेवढेच धरले, तर ज्यांची खाचरे शिवसागराच्या तळाशी आहेत ते पुन्हा यादीबाहेर राहतील. जलाशयाच्या प्रत्येक फुटाची नोंद रोज होते, २,१६३ फुटांची पूर्ण पातळी गाठली की वर्तमानपत्रात बातमी येते. त्या फुटांखाली ज्यांची घरे गेली त्यांची गावनिहाय, पिढीनिहाय यादी तेवढ्याच काटेकोरपणे जाहीर व्हावी, ही मागणी काही मोठी नाही.

तोवर या खोऱ्याची खरी लोकसंख्या पाहायची असेल तर उन्हाळ्यात ग्रामदैवताच्या यात्रेला जावे. पाणी ओसरलेले असते, काठावर गाळाचे पट्टे उघडे पडलेले असतात. मुंबई-ठाण्याच्या गाड्या बामणोलीला, तापोळ्याला लागतात, पुनर्वसित गावांतून टेम्पो येतात, लाँच भरभरून पलीकडे जातात. एरवी दहा-बारा म्हाताऱ्यांच्या वाडीत पालखीला खांदा द्यायला रांग लागते. दोन दिवसांनी सगळे परत जातात आणि वाडीत पुन्हा तेवढेच म्हातारे उरतात. शिरगणतीवाला येतो तो नेमका त्यानंतर.