वारा पोचत नाही तिथे तेल पोचतं

एप्रिलचं ऊन तापायला लागलं की गॅरेजमध्ये एक मागणी हमखास येते: बुलेटला पल्सरचा ऑइल कूलर बसवून द्या. वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची जाळी, दोन होज, चार बोल्ट. गाडी दिसतेही झोकात. बसवावा की नाही, याचं उत्तर मेकॅनिक एका वाक्यात देऊन टाकतो आणि ते बहुतेकदा त्याच्याकडे कूलर शिल्लक आहे की नाही यावर ठरतं. पण हाच प्रश्न जरा आत शिरून विचारला, तर रोज पायांमध्ये घेऊन फिरतो त्या यंत्राविषयी चक्रावून जायला होतं.

पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या इंजिनात असा भडका सेकंदाला तीस वेळा उडतो, तोही पिस्टनच्या अगदी डोक्यावर. तरी पिस्टन वितळत नाही. एक तर भडका क्षणभराचा असतो. दुसरं म्हणजे धातूला लागून वायूचा एक पातळ, त्यामानाने थंड थर असतो, तो पिस्टनला वाचवतो. आणि तिसरं, आलेली उष्णता तिथे साठू दिली जात नाही. रिंगांमधून ती बोअरच्या भिंतीत उतरते, तिथून बाहेरच्या फिन्समध्ये आणि फिन्सवरून वाऱ्यात.

आजच्या ३५० सीसी बुलेटचं इंजिन २० बीएचपीचं, म्हणजे सुमारे १५ किलोवॉटचं. पूर्ण ॲक्सिलरेटर पिळला तर ढोबळ मानाने तेवढीच उष्णता इंजिनाच्या अंगावाटे बाहेर पडावी लागते. सायलेन्सरमधून जाते ती वेगळीच. घरातले दोन किलोवॉटचे सात गीझर एकदम चालू केल्यासारखं हे आहे, आणि ते सगळं गुडघ्यांच्या मध्ये.

पण फिन्सना लागणारा वारा बाहेरच राहतो. पिस्टनच्या पोटाखाली, क्रँकच्या बेअरिंगमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारी तो जाऊच शकत नाही. तिथे जातं ते तेल. पंप ते तळातून उचलतो, फिल्टरमधून गाळून क्रँककडे ढकलतो. फिरत्या क्रँकच्या बेअरिंगमधून ते बाहेर भिरकावलं जातं, पिस्टनच्या खालच्या अंगावर आणि बोअरवर आदळतं, उष्णता उचलतं आणि निथळून पुन्हा तळाशी येतं. दुसरी वाट वर हेडमध्ये जाते. तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण भारावर सातशे अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि त्याच्या जवळपासचे कॅम नि रॉकर याच तेलावर चालतात. गाडी साध्या वेगात असली तरी हा फेरा मिनिटामिनिटाला होत असतो. आपण मात्र तेलाला वंगण एवढ्यापुरतंच ओळखतो.

हे तेल साधारण ९० ते १२० अंशांत खूश असतं. १३० ला त्याचा दाटपणा १०० अंशांच्या मानाने जवळपास निम्मा होतो आणि क्रँकला बेअरिंगच्या धातूपासून दूर ठेवणारा थर मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकाच असतो. शिवाय दर १० अंशांच्या वाढीला तेल सडण्याचा, म्हणजे हवेशी संयोग होऊन खराब होण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. कूलर तेलाची उष्णता काढतो, फक्त तेलाचीच. पोटरीला लागणारी धग हेडची नि सायलेन्सरची. ती कमी होईल या आशेने कूलर बसवणाऱ्याचे पैसे वाया जातात.

वाया जाणारे दुसरे पैसे हिंजवडीच्या सिग्नलवर उभं राहण्यासाठी बसवलेल्या कूलरचे. तिथे वाराच नाही, मग जाळीतून जाणार काय? पंखा नसलेला कूलर उभ्या गाडीवर जवळजवळ शोभेचाच.

मग तो लागतो कुठे? मला यातली सगळ्यात मजेदार जागा घाटात सापडते. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलो धरा. बारा मीटरला एक मीटर चढ, वेग ताशी ३० किलोमीटर. एवढं वजन नुसतं वर उचलायलाच जवळजवळ अडीच किलोवॉट लागतात. टायरचं घर्षण आणि वारा मिळवला की तीनच्या वर. सपाटीवर त्याच वेगाला एक किलोवॉटही पुरे होतो! सपाटीवर ताशी ६० ने जाणारी गाडी जेवढी राबते, तेवढीच ही घाटात ३० ने राबते आहे, पण वारा मात्र निम्माच मिळतो. त्यात मागून वारा असेल तर विचारूच नका.

हायवेवर वेगळा हिशेब. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा कापायला आठपट शक्ती लागते. फिन्सचा थंडावा मात्र दुप्पटही होत नाही. सतत शंभरच्या पुढे पिळणाऱ्याचं इंजिन म्हणूनच वाऱ्यात असूनही तापत जातं.

सुझुकीचे अभियंते एत्सुओ योकोउची यांनी हे कोडं वेगळ्याच टोकाने सोडवलं. १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० ला पाणी नको होतं, कारण वजन वाढतं. आणि नुसता वारा पुरत नव्हता. त्यांनी तेलाचे दोन पंप दिले. एक वंगणासाठी, दुसरा फक्त थंड करण्यासाठी, हेडवर तेलाचा पूर सोडणारा. पिस्टनच्या पोटावर तेलाच्या चिळकांड्या निराळ्या. १९९२ मध्ये या गाडीला पाण्याचं इंजिन आलं, तोवर या युक्तीने तिला तारलं. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २०० आणि २२० ला कूलर दिला, रॉयल एनफिल्डने २०१६ च्या ४११ सीसी हिमालयनला दिला. त्याच कंपनीने नव्या ३५० इंजिनात हेडमधून तेल खेळवलं, पण बाहेर कूलर लावला नाही. मी या नकाराला बराच मान देतो. कंपनीकडे मोजमापं असतात, आपल्याकडे पोटरी.

तेव्हा आधी तापमान मोजावं. तेल भरायच्या झाकणाच्या जागी बसणारा तापमापक मिळतो. मेमध्ये घाट चढून वर पोचताच त्याच्याकडे बघावं. ११० दिसलं तर कूलरचा विषय तिथेच मिटला. वारंवार १३० च्या पुढे जात असेल तर आधी फिन्समधला चिखल काढा, तेलाची पातळी बघा आणि लेग गार्डला हौसेने गुंडाळलेली ती नायलॉनची दोरी सोडा, वारा अडतो. एवढं करूनही काटा उतरला नाही, किंवा इंजिन ट्यून केलेलं असेल, तर कूलर जरूर बसवावा.

बसवताना थर्मोस्टॅट असलेलाच बघावा. तेल ८० अंशांच्या आसपास जाईपर्यंत तो कूलरची वाट बंद ठेवतो. नाहीतर डिसेंबरात महाबळेश्वरला तेल तापतच नाही, इंजिनात जमलेली वाफ उडून जात नाही आणि झाकणाखाली पांढरट साय धरते. होज हलक्या प्रतीची नको. सांधा सुटला तर दाबाखालचं तेल थेट मागच्या टायरवर येतं. आणि जोडणी झाल्यावर तेल तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, मग बंद करून तेलाची पातळी पुन्हा बघा. रिकामा कूलर आणि होज भरून घेण्यात तळाचं तेल कमी झालेलं असतं. तेवढं वरून घालून मगच गाडी बाहेर काढा.