पोरके पिल्लू आणि आपली करुणा

काही वर्षांपूर्वीच्या पौष महिन्यातील एक रविवार मला आजही स्पष्ट आठवतो. आपल्या वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी आई-वडिलांना भेटण्यासाठी जवळच्याच उसाच्या फडावर गेला होता. त्याचे आई-वडील ऊसतोडीच्या टोळीत होते. सायंकाळी तो परतला तेव्हा त्याच्या सदऱ्यात गुंडाळलेले, मुठीएवढे एक पिल्लू होते. डोळे नुकतेच उघडलेले, अंगावर पिवळसर राखी लव. प्रथम सर्वांना ते बिबट्याचे वाटले आणि घबराट झाली. नीट पाहिल्यावर ते रानमांजराचे आहे हे ध्यानात आले. तो मुलगा म्हणाला, "सर, फडात एकटंच ओरडत होतं. याला आई नाही."

आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. स्वयंपाकघरातील मावशींनी गाईचे दूध कोमट करून दिले, मुलांनी कापसाच्या बोळ्याने ते पाजले. पिल्लाला नाव मिळाले, खोके मिळाले, पांघरूण मिळाले. साठ मुलांच्या मांडीवर ते आळीपाळीने फिरले. सहाव्या दिवशी ते मरण पावले. तालुक्याच्या पशुवैद्यांकडे मी नंतर गेलो आणि झाला प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, त्याला आई नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक. पुराव्याशिवाय विधान करू नये, हे मुलांना तीस वर्षे शिकवत आलो. त्या सायंकाळी मात्र मी पुरावा मागितला नाही. करुणा होती, पण तिला ज्ञानाची जोड नव्हती. स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय निवडण्याचे कारण एवढेच की, आपली बहुतेक मुले शेताशिवारातून येतात आणि त्यांच्या हाती असे एखादे पिल्लू केव्हा ना केव्हा येणारच आहे.

पहिला प्रश्न पोरकेपणाचाच घेऊ. मांजरकुळातील माद्यांना धोक्याची चाहूल लागली की त्या पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या जागी नेतात. ऊसतोड सुरू झाली, कोयत्यांचा आणि माणसांचा आवाज जवळ आला की मादी एक पिल्लू उचलते, सुरक्षित जागी ठेवते आणि दुसऱ्यासाठी परतते. मधल्या वेळेत मागे राहिलेले पिल्लू आपल्याला एकटे दिसते. हरणांची व सशांची रीत आणखी वेगळी आहे. त्यांची पिल्ले गवतात निश्चल पडून राहतात आणि आई केवळ दूध पाजण्यापुरती येऊन जाते. दिवसभर ती दूर राहते, ते शत्रूचे लक्ष पिल्लाकडे जाऊ नये म्हणून. उडायला शिकणारे पाखरू जमिनीवर बसलेले दिसते, तेव्हा त्याचे आई-बाप बहुधा जवळच्याच फांदीवर असतात. म्हणजे आई दिसत नाही याचा अर्थ आई नाही असा होत नाही.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसराने हा धडा फार मोठ्या प्रमाणावर शिकून घेतला आहे. तेथील बिबटे उसाच्या शेतांत राहतात व तेथेच वितात. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांना बिबट्याची पिल्ले सापडतात. ती उचलून नेली, तर आई त्यांच्या शोधात त्याच शिवारात फिरत राहते आणि माणसांचाच धोका वाढतो. म्हणून वनविभाग आणि जुन्नरजवळील माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लांची तपासणी करतात आणि अंधार पडण्याच्या सुमारास ती ज्या शेतात सापडली त्याच जागी खोक्यात किंवा टोपलीत ठेवतात. माणसे दूर जातात. अनेक वेळा रात्रीतूनच आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही आपल्याकडील समजूत या अनुभवाने खोटी ठरवली आहे. बिबट्यांच्या हल्ल्यांत याच परिसरात माणसे आणि लहान मुलेही दगावली आहेत, हे विसरून चालणार नाही. पण पिल्लू आईकडे परत देणे हे पिल्लाच्या जितके हिताचे, तितकेच गावाच्याही हिताचे आहे.

बिबट्याचे पिल्लू आईजवळ सुमारे दीड ते दोन वर्षे राहते. लपावे कसे, सावज हेरावे कसे, माणसापासून दूर राहावे कसे, हे सर्व ते या काळात शिकते. ही शाळा आपण चालवू शकत नाही.

आता दुसरा प्रश्न. आई खरोखरच मेली असेल तर काय करावे? येथे प्रेमाइतकेच शास्त्र लागते. आमच्या हातून झालेल्या चुका मी मोजून सांगतो. एक, पिल्लू गारठलेले होते. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, त्याला आधी ऊब द्यावी लागते. दोन, गाईचे दूध वासराच्या वाढीसाठी असते. मांजरकुळातील पिल्लांना ते बाधते, हगवण लागते आणि अंगातील पाणी कमी होते. तीन, आम्ही त्याला उताणे धरून पाजले. अशा वेळी दूध फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. चार, इतक्या लहान पिल्लाला आई चाटते तेव्हाच त्याचे मलमूत्र विसर्जन होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पाच, ज्या जिवाला विश्रांती हवी होती, त्याला आम्ही साठ हातांत फिरवले.

केनियातील डॅफ्नी शेल्ड्रिक यांची हकिकत या संदर्भात उद्बोधक आहे. शिकाऱ्यांनी आया मारल्यामुळे पोरकी झालेली हत्तीची पिल्ले वाचवण्याचा त्या प्रयत्न करीत. गाईच्या दुधातील स्निग्धांश हत्तीच्या पिल्लाला सोसत नाही, म्हणून अनेक वर्षे त्यांच्या पदरी अपयश आले. अखेर नारळातील स्निग्धांश त्याला मानवतो हे त्यांच्या ध्यानात आले. दुधाचा प्रश्न सुटला, पण दुसरे दुःख पुढे उभे राहिले. आएशा नावाचे एक पिल्लू त्यांनी स्वतः वाढवले. मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस दूर गेल्या आणि त्या विरहात पिल्लाने खाणे सोडले व ते मरण पावले. त्या अनुभवातून त्यांनी नियम केला की, कोणत्याही पिल्लाचा जीव एकाच माणसात अडकू द्यायचा नाही. १९७७ मध्ये पतीच्या स्मरणार्थ स्थापन केलेल्या त्यांच्या संस्थेत राखणदार आळीपाळीने बदलतात, रात्री पिल्लांजवळ झोपतात, पण एकच राखणदार कायम राहत नाही. पिल्लांची खरी सोबत इतर हत्तींचीच असावी, असा प्रयत्न असतो. मोठी झाल्यावर ती त्सावोच्या रानात नेली जातात आणि कित्येक वर्षांच्या अवधीत, स्वतःच्या गतीने, रानटी कळपांत मिसळतात. तेथे वाढलेल्या माद्या पुढे स्वतःची पिल्ले घेऊन जुन्या राखणदारांना भेटायला आल्याची उदाहरणे आहेत. त्या येतात आणि परत जातात. त्यांना कोणी अडवत नाही.

तिसरा प्रश्न स्वातंत्र्याचा, आणि तोच सर्वांत अवघड आहे. केनियाचीच एल्सा नावाची सिंहीण जगप्रसिद्ध आहे. १९५६ च्या प्रारंभी वन्यजीव अधिकारी जॉर्ज ॲडमसन यांनी अंगावर आलेल्या एका सिंहिणीला गोळी घातली; नंतर कळले की ती आपल्या तीन पिल्लांचे रक्षण करीत होती. दोन पिल्ले युरोपातील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेली. सर्वांत लहान ती एल्सा, जॉर्ज आणि जॉय ॲडमसन यांच्या घरी वाढली. ती माणसाळली, लाडकी झाली. तिला जन्मभर पिंजऱ्यात ठेवणे सोपे होते. त्या दांपत्याने तिला शिकार शिकवून रानात सोडण्याचे ठरवले. पहिला प्रयत्न फसला. एल्सा उपाशी राहिली, आजारी पडली. त्यांनी तिला परत आणले, बरे केले आणि मेरूच्या रानात पुन्हा प्रयत्न केला. या वेळी ती टिकली. रानातल्या सिंहाशी तिची जोडी जमली आणि १९५९ च्या डिसेंबरात तिला तीन पिल्ले झाली.

पण इतिहासाच्या अभ्यासकाने कथा येथेच थांबवू नये. १९६१ च्या जानेवारीत गोचिडांमुळे होणाऱ्या रोगाने एल्सा मरण पावली. तेव्हा ती अवघी पाच वर्षांची होती. तिची पोरकी पिल्ले गुराढोरांवर हल्ले करू लागली आणि त्यांना पकडून सेरेंगेटीच्या अभयारण्यात न्यावे लागले. स्वातंत्र्य म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे येथे दिसते. रानात भूक आहे, रोग आहे, मरण आहे. तरीही ज्या दोन बहिणी प्राणिसंग्रहालयात गेल्या, त्यांना जे आयुष्य मिळाले नाही ते एल्साला मिळाले. आपण पिल्लाला मोकळे करतो तेव्हा त्याच्या सुखाची हमी देत नसतो. त्याचे आयुष्य त्याला परत देत असतो.

येथे आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक प्रसंग आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातील पक्ष्याचा वाद घेतला आहे. बाण मारणारा देवदत्त पक्ष्यावर हक्क सांगतो. जखमी पक्ष्याची शुश्रूषा करणारा सिद्धार्थ तो हक्क नाकारतो आणि निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने होतो. वर्गात हा प्रसंग शिकवताना मी अनेक वर्षे एवढ्यावरच थांबत असे. त्या पिल्लाच्या मृत्यूनंतर मला त्यात आणखी एक अर्थ दिसू लागला. वाचवणाऱ्याचा हक्क हा मारणाऱ्याच्या विरुद्ध आहे, पक्ष्याच्या विरुद्ध नाही. शुश्रूषा केली म्हणून पक्षी आपल्या मालकीचा होत नाही. तो बरा होऊन उडेपर्यंतची जबाबदारी तेवढी आपली होते.

सम्राट अशोकाने ही जबाबदारी राज्यकारभारात आणली. दुसऱ्या शिलालेखात त्याने माणसांबरोबर पशूंच्याही उपचारांची व्यवस्था नोंदवली आहे. पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी, अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले यांनाही त्यात अभय आहे. त्याच लेखात, ज्या भुसकटात जीव आहेत ते जाळू नये, विनाकारण रान पेटवू नये, अशीही आज्ञा आहे. उसाचे पाचट पेटवताना त्यात कोणाचे घरटे, कोणाची पिल्ले आहेत, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला ती आज्ञा आजही परकी वाटू नये.

स्वतंत्र भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानटी प्राणी घरी पाळणे हा गुन्हा आहे. असा प्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांत जीवमात्राविषयी अनुकंपा बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. म्हणून मुलांनी एवढे पाठ करावे: पिल्लाला हात लावू नये, आधी दुरून पाहावे, रक्त, जखम किंवा मेलेली आई दिसली नाही तर ते पोरके मानू नये, कुत्री व गर्दी दूर ठेवावी, अन्न-पाणी देऊ नये, छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आता त्या आठवीतील मुलाविषयी. आम्ही ते पिल्लू शाळेमागील कडुनिंबाखाली पुरले. सर्व मुले गेल्यावर तो एकटाच थांबला आणि त्याने विचारले, "सर, त्याची आई रात्री आली असेल का?" त्याची स्वतःची आई वर्षातील सहा महिने फडावरच्या कोपीत राहत असे. आई दिसत नाही म्हणजे आई नाही, असे नसते, हे आमच्यापैकी सर्वांत चांगले त्यालाच ठाऊक होते. मी त्याला खरे ते सांगितले, "बहुधा आली असेल."

त्यानंतर दोन हंगामांनी, एका रविवारी तोच मुलगा धापा टाकत शाळेत आला. या वेळी त्याचे हात रिकामे होते. फडाच्या कडेला तीन पिल्ले होती. त्याने टोळीला थांबवून ठेवले होते. आम्ही वनविभागाला कळवले. वनरक्षक आले, त्यांनी पिल्ले पाहिली आणि जागा हलवू नका म्हणाले. मुकादमाशी बोलून टोळीने तेवढ्या सऱ्या दुसऱ्या दिवसापर्यंत उभ्या ठेवल्या. टनावर मजुरी घेणाऱ्या माणसांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. तरी त्याच्या आईनेच सर्वांना समजावले. सकाळी आम्ही गेलो तेव्हा पाचटात एक खळगा तेवढा उरला होता. टोळीने कोयते उचलले आणि उरलेला ऊस तोडायला सुरुवात केली.