शतधौत घृत : हिवाळ्यांतील एक घरगुती अनुलेपन

नागपूरचा उन्हाळा सर्वत्र गाजलेला आहे. परंतु येथील हिवाळाहि कांहीं कमी कोरडा नसतो. समुद्र दूर, हवेंत ओलावा थोडा, आणि थंडी कधीं कधीं इतकी कडक कीं, २९ डिसेंबर २०१८ रोजीं या शहरांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत हात खरखरीत होतात, ओंठ फुटतात, टांचांना भेगा पडतात. सर्वांत अधिक त्रास होतो तो वृद्धांना; कारण वयाबरोबर त्वचेची स्निग्धता घटत जाते. रात्रभर खाज सुटून ज्या आजीबाईंचा डोळा लागत नाहीं, त्यांस हा विषय नटण्यामुरडण्याचा खास वाटणार नाहीं.

बाजारांत तयार मलमें पुष्कळ आहेत, व त्यांची निंदा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. तथापि ज्या घरीं लोणी कढविलें जातें, तेथें एक उत्तम अनुलेपन सहज सिद्ध होतें. त्याचें नांव शतधौत घृत. 'धौत' म्हणजे धुतलेलें. शंभर वेळां धुतलेलें तूप, इतकाच याचा अर्थ. चरकसंहितेंत लेपासाठीं त्याचा उल्लेख आहे.

कृति अशी : ताजें साजूक तूप ५० ग्राम घ्यावें. तांब्याची परात चिंचेनें लखलखीत घांसून, धुवून कोरडी करावी. हिरवट कळंक राहिल्यास तूप बिघडतें. तांब्याची नसल्यास स्टीलची चालेल. उकळून गार केलेलें पाणी अर्धी वाटी घालून स्वच्छ तळहातानें तूप गोल गोल फेसावें व पाणी ओतून टाकावें. हें एक धावन झालें. अशीं शंभर करावीं. दर दहा धावनांस एक चिंचोका बाजूस ठेवल्यास मोजणी चुकत नाहीं. एकानें फेसावें, दुसऱ्यानें पाणी घालावें, मुलांनीं मोजावें; भरल्या घरांत हें काम जड जात नाहीं.

पिवळें रवाळ तूप हळूहळू पांढरें व लोण्यासारखें मऊ होतें, फुगतें, आणि त्याचा वास मंदावतो. याचें कारण सोपें आहे. फेसतांना पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तुपांत कोंडले जातात. लेप दिल्यावर तें पाणी त्वचेस मिळतें, आणि वरचा तुपाचा थर ओलावा उडूं देत नाहीं. म्हणून स्नान कोमट पाण्यानें करावें, अंग हलकेंच टिपावें, व तें दमट असतांनाच लेप लावावा.

आतां पथ्यें. यांत पाणी आहे व टिकविणारें द्रव्य नाहीं; म्हणून थोडेंच करावें, काचेच्या बरणींत फ्रीजमध्यें ठेवावें, कोरड्या चमच्यानें काढावें आणि दोन आठवड्यांत संपवावें. खवट वास येतांच टाकून द्यावें. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस पाहावें. मुरुमें असलेल्या चेहऱ्यास व उघड्या जखमेस लावूं नये. तान्ह्या मुलास डॉक्टरांस विचारल्यावांचून लावूं नये. मधुमेह असलेल्यांनीं टांचेची भेग डॉक्टरांस दाखवावी. भाजल्यावर तूप लावण्याची जुनी रीत आतां सोडलीच पाहिजे. भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरावा, हाच पहिला उपचार.

शेवटीं एक विनंती. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ सालीं अमेरिकेंत एकस्व दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असतांना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली आणि १९९७ सालीं तें रद्द करविलें. आपल्याकडे हा गुण घरोघरीं ठाऊक होता. पण परदेशांतील तोंडी प्रघात त्या वेळच्या अमेरिकन कायद्यास चालत नसे. उपयोगी पडलीं तीं संस्कृत ग्रंथांतील व १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकांतील लिखित प्रमाणें. सारांश, जें लिहिलें तें टिकलें. तरी गृहिणींनीं आपल्या सासूबाईंकडील व आईकडील अशीं अनुलेपनें वहींत उतरून ठेवावीं : द्रव्य कोणतें, माप किती, कोणास मानवलें आणि कोणास नाहीं. यांतील शेवटचा रकाना कोरा ठेवूं नये; पुढील पिढीस त्याचाच उपयोग अधिक होईल.