वस्तीची गाडी

मुंबई सेंट्रलला मराठा मंदिर चित्रपटगृहासमोर एसटीचं आगार आहे आणि डॉ. आनंदराव नायर मार्गावरच महाराष्ट्र वाहतूक भवन, म्हणजे राज्य परिवहन महामंडळाचं मुख्यालय. भामरागडपासून बांद्यापर्यंतच्या गाड्यांचं धोरण इथे ठरतं. इमारतीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला मात्र एसटी रोज लागत नाही. त्याच्या दाराशी बेस्ट आहे, लोकल आहे, आता जमिनीखालून मेट्रोही धावते. खेड्याच्या गाडीचा कारभार अशा जागेवरून चालतो, जिथे गाडी चुकली तर पाच मिनिटांत दुसरी मिळते. एसटीबद्दलचे बरेच निर्णय कोरडे का वाटतात, याचं थोडं उत्तर मला या पत्त्यातच दिसतं.

तरीही मुंबईतल्या लालबाग-परळ या गिरण्यांच्या भागाचं आणि एसटीचं नातं जुनं आहे. गिरण्यांत राबणारा कोकणी माणूस लालबागच्या किंवा डिलाईल रोडच्या गाळ्यात गावकऱ्यांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर गावी पाठवायचा. बायको-मुलं आणि म्हातारे आईवडील गावीच असत. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. त्या आकड्यामागे हीच चाकरी आहे. पूर्वी गावी जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट होती. कोकण रेल्वे पूर्ण झाली 1998 साली, आणि तीही डोंगरातल्या वाडीपर्यंत जात नाही. मधली सगळी वर्षं, आणि स्टेशनापासून पुढचं अंतर आजही, एसटीच्याच वाट्याला आलं. 1982च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, कित्येक कुटुंबं याच गाड्यांनी बोचकी बांधून गावी परतली.

एसटीचा जन्म मुंबईतला नाही. 1 जून 1948 रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडी, आसनं काथ्याची. त्याआधी रस्त्यावर खासगी मोटारवाल्यांचं राज्य होतं: गाडी भरली की निघणार, माणूस दिसला की कोंबणार, भाडं तोंडाला येईल ते. सरकारी गाडीने आणलेला मोठा बदल म्हणजे वेळापत्रक. गाडीत दोन माणसं असोत की साठ, नियंत्रकाने नोंद केली की ती निघणार. टप्प्यानुसार भाडं ठरलेलं, हातात छापील तिकीट. सरपंचालाही तेच आणि त्याच्या शेतावरच्या गड्यालाही तेच. ज्या काळात गावात पाणवठे वेगळे होते, त्या काळात एका बाकावर कोण कोणाशेजारी बसणार हे तिकिटावर ठरू लागलं. या गोष्टीची नोंद भाषणांत फारशी होत नाही, पण जुन्या माणसांना ती नीट आठवते.

आज महामंडळाकडे पंधरा हजारांच्या आसपास गाड्या आणि अडीचशे आगारं आहेत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत चासीवर बॉडी चढते. ती पूर्वी ॲल्युमिनियमची असे, आता पोलादाची. दिल्लीच्या 1982च्या एशियाडनंतर आलेल्या गाड्यांमुळे निमआराम सेवेला ‘एशियाड’ हे नाव चिकटलं आणि दादर-पुणे प्रवासाची सवयच बदलली. मग शिवनेरी आली, शिवशाही आली, 1 जून 2022ला त्याच पुणे-नगर मार्गावर विजेची शिवाई आली. या गाड्यांचे फोटो पेपरात येतात. मला मात्र बोलायचंय त्या गाडीबद्दल, जिचा फोटो कोणी काढत नाही.

ती म्हणजे मुक्कामी गाडी. कोकणात तिला वस्तीची गाडी म्हणतात. तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी शेवटची सुटते, बाजारातून परतणाऱ्या बायका, कोर्टाची तारीख करून आलेला एखादा शेतकरी, जादा तासाला थांबलेली पोरं यांना घेऊन वाडीवाडीला थांबत शेवटच्या गावी पोहोचते आणि तिथेच राहते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतीने दिलेल्या खोलीत झोपतात. कुठे कुठे गाडीतच. जेवण कुणाच्या तरी घरून येतं. पहाटे उजाडण्याआधी इंजिनाचा आवाज झाला की गावाला वेळ कळते. मग तीच गाडी कॉलेजची मुलं, दुधाची किटली, ग्रामीण रुग्णालयात निघालेली बाळंतीण आणि भाजीच्या पाट्या घेऊन तालुक्याला जाते. उलट दिशेने येताना तिच्यात पेपरांचे गठ्ठे असतात. शहरात खोली करून शिकणाऱ्या मुलाचा आईने दिलेला डबाही कित्येक वर्षं वाहकाच्या भरवशावर याच गाडीने गेला.

आता हिशेब बघा. एसटीत फेरीची किंमत भारमानावर, म्हणजे किती आसनं भरली यावर, आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नावर ठरते. सकाळी गावातून भरून निघालेली गाडी दहा वाजता त्याच गावाकडे जवळपास रिकामी जाते, कारण त्या वेळी तालुक्याहून गावाला जाणार कोण? एका दिशेला भरलेली आणि दुसऱ्या दिशेला रिकामी गाडी कागदावर फार तर पन्नास टक्के भारमानाची. आगार व्यवस्थापकाला डिझेल वाचवायचं असतं, गाड्या कमी असतात, एखादी ब्रेकडाउन होऊन उभी असते. मग काट मारायची वेळ आली की पहिली मरते ती दहाची रिकामी फेरी. ती गेली की गावातून दुपारी तालुक्याला जाणारी तिची परतीची फेरीही थांबते. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत अडकतो, मग तो वडापच्या खासगी जीपने किंवा काळी-पिवळीने जाऊ लागतो. त्यामुळे सकाळच्या गाडीचं भारमानही उतरतं, पुढच्या आढाव्यात तीही कमी होते आणि शेवटी मुक्कामीही. गावाने एसटी सोडली असं आगार म्हणतं, एसटीने गाव सोडलं असं गाव म्हणतं.

वडापवाला वाईट असतो असं नाही. अडीनडीला तोच धावतो. पण तो गाडी भरल्याशिवाय निघत नाही, सवलतीचा पास त्याला चालत नाही आणि सातनंतर तो घरी जातो. म्हणजे 1948 पूर्वीचीच रीत, फक्त जीप नवी.

पास हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या 125 मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी निळ्या गाड्या आल्या. ऑगस्ट 2022पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे आणि 17 मार्च 2023पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट. दिव्यांगांना, कॅन्सर आणि डायलिसिसच्या रुग्णांना सवलती आहेत. परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या फाटकाशी फाईल छातीशी धरून बसलेल्या बाहेरगावच्या माणसांपैकी अनेकांच्या प्रवासाची सुरुवात अशाच तिकिटावर झालेली असते. मुलीची शाळा सातवीला सुटणार की बारावीपर्यंत चालणार हे खूपदा गाडी किती वाजता परत येते यावर ठरतं. अंधार पडल्यावर फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालायचं असेल, तर बाप पासकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. सवलत जाहीर करणं सोपं. सवलत वापरायला गाडी लागते.

सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत की पगार लांबतो. वर तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे, म्हणजे एका खिशातून देणं आणि दुसऱ्या खिशातून घेणं. साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, आणि जानेवारी 2025मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. कर्मचाऱ्यांचा संताप 2021च्या ऑक्टोबरअखेर संपाच्या रूपाने फुटला. महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण व्हावं म्हणून आझाद मैदानावर बसलेले चालक-वाहक मुंबईने महिनोन्‌महिने पाहिले. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022पर्यंत रुजू व्हायला सांगितलं तेव्हा संप संपला. मुंबईला त्या काळात फारसं काही अडलं नाही. खेड्यांत मात्र कोविडनंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांत मुलं पोहोचेनात. संपात तुटलेल्या कित्येक फेऱ्या पुन्हा जोडल्या गेल्याच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: शिवनेरीला नफ्यातोट्याची फूटपट्टी लावा, खुशाल लावा. वस्तीच्या गाडीला ती लावू नका. गावातल्या प्राथमिक शाळेचं किलोमीटरमागचं उत्पन्न कोणी विचारत नाही. ज्या फेऱ्या फक्त पोहोचण्यासाठी चालतात त्यांची वेगळी यादी करावी, त्यांचा खर्च सरकारने सवलतींपासून वेगळा, आगाऊ द्यावा आणि अशी फेरी बंद करायची तर आधी ग्रामसभेला विचारावं. आज ती आगाराच्या फळ्यावरून नुसती पुसली जाते. लहान गाड्या, वाहकाविना फेऱ्या हे उपाय आहेतच. पण गाडी लहान करण्याच्या नावाखाली ती नाहीशी होऊ नये.

गणपतीत चित्र उलटं होतं. चाकरमान्यांसाठी आता पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सुटतात. त्यासाठी राज्यभरातल्या आगारांतून गाड्या मागवाव्या लागतात, त्यामुळे तिथल्या फेऱ्या त्या आठवड्यात ढिल्या पडतात. लालबाग, परळ, करी रोडची गावकरी मंडळं ग्रुप बुकिंग करतात आणि गाडी थेट चाळीच्या तोंडाशी उभी राहते. आमदार-खासदार हिरवा झेंडा दाखवायला हजर असतात. इतकं वजन गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अर्जाला कधीच नसतं.

म्हणून या मंडळांनाच विनंती आहे. भाद्रपदाची गाडी मागायला जाल तेव्हा आपल्या गावच्या रोजच्या फेऱ्यांची चौकशी करा. कोणती बंद आहे, कधीपासून, गावकऱ्यांनी अर्ज केला होता का, हे विचारा. मंडळाच्या लेटरहेडवर दुसरा अर्ज लिहा, एक प्रत तालुक्याच्या आगार व्यवस्थापकाला आणि एक मुंबई सेंट्रलच्या वाहतूक भवनात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.